पी००८७, खंबाटकी घाट आणि दहा मिनिटांची विश्रांती

ही केस जानेवारी २०२१ ची. गाडी माझ्या गॅरेजमध्ये दोनदा आली आणि पहिल्यांदा मीच चुकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कुठे काय मोजलं आणि कुठे मोजायचं राहिलं ते सगळं.

गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, दीड लिटरचं कॉमन रेल इंजिन (म्हणजे डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड, दाबाखालच्या नळीतून, रेलमधून, डिझेल मिळतं), ९८ हजार किलोमीटर पळालेली. कंपनी मुद्दाम सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच आणि नाव घेतलं की लोक मुद्दा सोडून त्यावरच भांडत बसतात. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, या गाडीत टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही. बॉनेटखाली जो हाय प्रेशर पंप आहे त्याच्या पोटातच एक छोटा ट्रान्सफर पंप असतो, तोच मागच्या टाकीतून फिल्टरमार्गे डिझेल ओढून आणतो, स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तसा. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनला प्रेशर नसतं, ओढ असते. कुठे बारीक फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फरशीवर एक थेंब दिसत नाही आणि मग सगळे म्हणतात लीकेज कुठाय.

मालक साताऱ्यातलेच, रिटायर्ड शिक्षक, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. मुलगा पुण्यात असतो त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा पुणे-सातारा चालूच. तक्रार अशी की पुण्याहून परत येताना खंबाटकी चढायला लागलं की गाडी दम सोडते, चेक लाइट लागते, ॲक्सिलेटर तळाला लावला तरी दुसऱ्या गिअरला उचलत नाही, एकदा तर वळणावर बंदच पडली आणि मागे ट्रकची रांग. जाताना काही नाही, जाताना बोगद्यातून जातो आपण, चढ तेवढा लागतच नाही. आणि मग सर म्हणाले, "बाजूला घेतो, दहा मिनिटं बंद ठेवतो, तेवढ्यात थर्मासमधला चहा होतो, परत सेल मारला की अशी पळते जसं काही झालंच नाही."

हे वाक्य मी ऐकलं, हसलो, आणि जॉब कार्डवर लिहिलंच नाही. जॉब कार्डवर लिहिलं "घाटात पिकअप नाही".

त्याआधी सर दुसऱ्या एका गॅरेजमध्ये जाऊन आले होते. तिथे स्कॅनर लावला, कोड आला पी००८७, म्हणजे रेल प्रेशर कमी. लगेच निदान: पंप गेला, आणि पंप गेला म्हणजे इंजेक्टर पण बघावे लागतील, लेबर धरून लाखाच्या आसपास धरून चला. सरांची पेन्शन, त्यामुळे ते गाडी घेऊन घरी आले. वर तिथल्या पोराने चालू इंजिनमध्ये इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून "मिसिंग कुठल्या सिलिंडरला आहे" ते बघायचा प्रयत्न केला, असं सरांनीच सांगितलं. ऐकून मला घाम फुटला. जुन्या जीपला, जुन्या ट्रॅक्टरला आपण सगळ्यांनी हे केलंय, एकेक नट ढिला करायचा आणि आवाज ऐकायचा. कॉमन रेलला हे करायचं नाही म्हणजे नाही. रेलमध्ये आयडलिंगलाच अडीचशे बारच्या आसपास प्रेशर असतं आणि लोडवर ते चौदाशे-सोळाशेपर्यंत जातं, तुमच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतं म्हणजे अंदाज करा. एवढ्या प्रेशरची बारीक धार कातडी फोडून सरळ बोटाच्या आत जाते, वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही सुरुवातीला, आणि माणूस ऑपरेशनला उशीर करून बोट गमावतो. लीकेज शोधायचं असेल तर हाताने चाचपायचं नाही, पुठ्ठा धरायचा. पाइप खोलायचा असेल तर इंजिन बंद करून थांबायचं, स्कॅनरवर प्रेशर खाली आलेलं बघायचं आणि मगच पाना लावायचा.

असो. आता कोडबद्दल. पी००८७ एवढंच सांगतो की ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, जेवढं प्रेशर मागितलं तेवढं रेलमध्ये जमलं नाही. कोणामुळे जमलं नाही ते तो सांगत नाही. माझ्या डोक्यात यासाठी चार प्रश्न असतात: पंपापर्यंत डिझेल पोचतंय का, पोचलेलं पंप दाबतोय का, दाबलेलं मधेच कुठून रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत, पळतंय का, आणि मुळात रेलमधलं प्रेशर मोजणारा सेन्सर खरं बोलतोय का. यातल्या एका प्रश्नाचं उत्तर लाख रुपयांचं आहे, बाकीची बरीच स्वस्त, आणि म्हणूनच स्वस्त बाजूने सुरुवात करायची.

सेन्सर आधी निकाली काढला कारण ते दोन मिनिटांचं काम. रात्रभर उभी असलेली गाडी, चावी ऑन, इंजिन बंद, रेलमध्ये प्रेशर नसणार हे नक्की, मग सेन्सरने साधारण अर्धा व्होल्ट द्यायला पाहिजे आणि स्कॅनरवर शून्याच्या आसपास दिसायला पाहिजे. तसंच दिसलं. सेन्सर जर बंद गाडीत ऐंशी-शंभर बार दाखवत असेल तर पुढचं सगळं मोजमाप खोटं, पण इथे तसं नव्हतं.

आयडलिंगला मागणी २६० बार, प्रत्यक्ष २५८ ते २६५, एकदम स्थिर. सेल मारला की सेकंदात चालू. इथे बरेच जण फसतात, आयडलिंगला प्रेशर बरोबर आहे म्हणजे लाइन चांगली असं धरतात, पण आयडलिंगला इंजिन पितंच किती? अर्धवट चोक झालेल्या लाइनमधूनही तेवढं सहज येतं. कमतरता दिसते ती फक्त मागणी वाढली की.

मग इंजेक्टर. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइप काढून चार बाटल्या लावल्या, तीन मिनिटं चालवलं, मधे थोडा रेझ केला. २२, २५, २४, २७ मिली. आकड्यापेक्षा चारातला फरक बघायचा, एखादी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून डिझेल सोडतोय. इथे चौघं भावंडं सारखी. म्हणजे लाखातले निम्मे तिथेच वाचले.

पंप आतून झिजायला लागला की धातूचा चुरा सोडतो, तो बघायला फिल्टरमधलं डिझेल पांढऱ्या सुती कपड्यावर ओतलं आणि उन्हात धरलं. चकचकीत कण एकही नाही. फिल्टर तसा नवाच होता, ऑक्टोबरमध्ये बदललेला. सर म्हणाले, "तेव्हा जुन्या फिल्टरमधून पाणी निघालं होतं म्हणे, पेलाभर." हे पण मी ऐकलं आणि सोडून दिलं, कारण फिल्टर तर बदललाय ना.

त्यानंतर फिल्टर आणि पंपाच्या मधे फूटभर पारदर्शक पाइप टाकला. हे माझं आवडतं हत्यार आहे, खर्च पन्नास रुपये. आयडलिंगला स्वच्छ डिझेल, तीन हजार आरपीएमला नेलं की बुडबुड्यांची माळ. सापडलं! फिल्टरच्या क्विक कनेक्टरमधला ओ-रिंग, म्हणजे रबराचं सील, कापला गेला होता, फिल्टर बदलताना जोर लावून बसवलेला दिसत होता. नवीन ओ-रिंग टाकला, हँड पंप कडक होईपर्यंत दाबून हवा काढली, परत तीन हजारला नेलं, बुडबुडे बंद. कोड क्लिअर केला, सरांना शेजारी बसवून यवतेश्वरचा घाट चढवला, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला दाबून, मागणी साडेतेराशे आणि प्रत्यक्ष पण साडेतेराशे. वर जाऊन परत आलो. बिल बाराशे. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

बाराव्या दिवशी सरांचा फोन. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. "भाऊ, परत तेच. खंबाटकी."

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा मी जरा खाली बघूनच बोलत होतो. सर मात्र शांत, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मला गाडीतलं कळत नाही, पण आमच्या विहिरीवरच्या मोटरीचं असंच होतं. फुटबॉलला शेवाळ धरलं की तासभर नीट चालते, मग पाणी तुटायला लागतं, धार फुसफुसते. मोटर बंद केली की ओढ जाते, शेवाळ आपोआप खाली पडतं, परत चालू केली की पाणी चालू. परत तासभर."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विहिरीत सक्शन पाइपच्या टोकाला जो जाळीवाला फूटव्हॉल्व्ह असतो त्याला गावाकडे फुटबॉल म्हणतात. मी पाना खाली ठेवला. सरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, दहा मिनिटं बंद ठेवली की बरी होते. झिजलेला पंप दहा मिनिटांत बरा होत नाही. कापलेला ओ-रिंग पण दहा मिनिटांत बरा होत नाही. विश्रांतीने बरी होते ती ओढीमुळे चिकटलेली गोष्ट. आणि माझी यवतेश्वरची ट्रायल पंधरा-वीस मिनिटांची, सरांचा खंबाटकी लागतो तो पुण्यातून निघून तासभर हायवेला सलग पळवल्यावर. मी ती परिस्थिती तयारच केली नव्हती.

यावेळी लाइनमधली ओढ मोजणारा सक्शन गेज लावला, जो पहिल्याच दिवशी लावायला हवा होता. टाकीकडून येणाऱ्या पाइपला फिल्टरच्या आधी टी टाकला, तिथून बारीक पाइप बॉनेटच्या फटीतून काढून गेज समोरच्या काचेवर चिकटवला. फिल्टरच्या आधी का, तर तिथे ओढ जास्त दिसली तर फिल्टर आपोआप संशयातून सुटतो, अडथळा त्याच्याही मागे आहे. आयडलिंगला गेज ०.०८ बार, म्हणजे काही विशेष नाही, लांबून डिझेल ओढायला एवढी ओढ लागणारच.

मग आमच्या पोराला लॅपटॉप घेऊन मागे बसवलं आणि निघालो. यवतेश्वर एकदा चढवला, गेज ०.१२. तिथून खाली उतरून हायवे धरला, उंब्रजच्या दिशेने आणि परत, सलग तासभर, शंभरच्या आसपास. गेज हळूहळू ०.२, मग ०.२८, काटा सरकताना दिसत नाही पण प्रत्येक वेळी बघितलं की थोडा पुढे, घड्याळाच्या तासकाट्यासारखा. परत साताऱ्यात येऊन तसाच न थांबता यवतेश्वरला घातला. दुसऱ्या वळणावर गेज ०.५ च्या वर गेला आणि पोरगा मागून ओरडला, "दादा, मागणी तेराशे ऐंशी, मिळतंय नऊशे!" चेक लाइट लागली, गाडीने दम सोडला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा गाडी बिघडली म्हणून खूश झालो.

त्या लॉगमध्ये अजून एक आकडा बघण्यासारखा होता, मीटरिंग व्हॉल्व्हचा करंट. पंपात किती डिझेल घ्यायचं हे हा व्हॉल्व्ह ठरवतो आणि या सिस्टीममध्ये करंट कमी केला की व्हॉल्व्ह जास्त उघडतो. प्रेशर पडायला लागल्याबरोबर ईसीयूने करंट कमी कमी करत नेला, म्हणजे दार सताड उघडलं, तरी प्रेशर येईना. एकटा हा आकडा बघितला तर पंप पण दोषी वाटू शकतो, झिजलेल्या पंपातही असंच दिसतं. पण शेजारी गेज ०.५ दाखवतोय, म्हणजे दार उघडं आहे, पंप जीव तोडून ओढतोय आणि मागून मालच येत नाही. नुसता पंप झिजला असता तर गेजवर एवढी ओढ दिसलीच नसती. दोन आकडे एकाच वेळी बघितले म्हणून कळलं, वेगवेगळे बघितले असते तर परत वाद.

पारदर्शक पाइपमध्ये बुडबुडे परत दिसत होते, नवीन ओ-रिंग असून. क्षणभर वाटलं कनेक्टर परत गेला. पण ओढ एवढी वाढली की डिझेलमध्ये विरघळलेली हवाच बाहेर यायला लागते, सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे, त्यासाठी फट लागत नाही. ओ-रिंग कापलेला होता हे खरंच, मी काही खोटं बिल लावलं नव्हतं, पण एरवी तेवढ्या फटीने कदाचित महिनोन्महिने काही झालं नसतं. मागे गळा आवळलेला होता म्हणून त्या फटीतून हवा ओढली जात होती.

तिथेच कडेला गाडी बंद केली. गेज हळूहळू शून्यावर. चहा नव्हता, नुसतेच दहा मिनिटं उभे राहिलो. सेल मारला, गेज ०.१, गाडी पाखरासारखी वर गेली.

टाकी उतरवायच्या आधी अजून एक खात्री केली, कारण एकदा तोंडावर पडलो होतो. पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल, कॅन पुढच्या सीटच्या पायाशी घट्ट बांधलेला, ओढायचा पाइप आणि रिटर्न दोन्ही त्यातच, टाकी पूर्ण बायपास. (डिझेल आहे म्हणून केलं, पेट्रोलच्या गाडीत असला उद्योग कधीही करू नका, आणि डिझेललाही नुसत्या ट्रायलपुरताच.) तोच हायवे, तेवढाच वेळ, तोच घाट. गेज जागचा हलला नाही, प्रेशर मागणीला चिकटून. आता दोष टाकीतच.

मागचं सीट उचललं, झाकण काढलं, पिकअप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणारी जाळीवाली नळी, बाहेर घेतला. जाळीवर काळपट तपकिरी, बुळबुळीत, शेंबडासारखा थर. हाताला लागला तर साबणाने पण वास जाईना, आंबूस कुजका वास. टाकीच्या तळाला बॅटरी मारली तर डिझेलखाली पाण्याचे गोळे लोळताना दिसले आणि त्या दोघांच्या मधे तरंगणारे तेच काळे तुकडे. डिझेलमध्ये पाणी साठलं की त्या दोघांच्या सीमेवर बुरशी आणि बॅक्टेरिया वाढतात, पाण्यात राहतात आणि डिझेल खातात. हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची एक बुरशी तर यासाठी बदनाम आहे, विमानांच्या टाक्यांमध्ये पण तिने पूर्वी भरपूर त्रास दिलाय. गाडी चालू असताना हे तुकडे ओढीने जाळीला येऊन चिकटतात, बंद केली की सुटून तळाला जातात. विहिरीतलं शेवाळच.

पाणी आलं कुठून हे मग सरांशी बोलता बोलता कळलं. मार्च २०२० मध्ये ते मुलाकडे गेले आणि लॉकडाऊनमध्ये तिथेच अडकले, गाडी सोसायटीत उघड्यावर, मार्च ते सप्टेंबर, सगळा पावसाळा, टाकीत पाव डिझेल. डिझेल भरायच्या तोंडाचं झाकण बघितलं तर रबर वाळून तडकलेलं. ऑक्टोबरमध्ये फिल्टरमधून पेलाभर पाणी निघालं तेव्हाच कोणीतरी विचारायला पाहिजे होतं की हे पेलाभर आलं तर टाकीत किती असेल. मी पण नाही विचारलं.

काम असं केलं. टाकी उतरवली, रिकामी केली, धुतली, पूर्ण वाळवली. पुष्कळ ठिकाणी फक्त पाइपमध्ये उलटी हवा मारतात, गाडी लगेच पळते आणि गिऱ्हाईक खूश, पण घाण परत टाकीतच पडते आणि महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. पिकअप नवीन टाकला, जाळी ब्रशने घासून परत लावायचा मोह होतो पण बारीक जाळीच्या आत चिकटलेलं निघत नाही. लाइन साफ, फिल्टर परत नवीन, झाकण नवीन. हँड पंपाने हवा पूर्ण काढल्याशिवाय सेल मारला नाही, कारण या पंपाला वंगण डिझेलचंच असतं, कोरडा फिरवला तर जो पंप वाचवायला एवढा खटाटोप केला तोच आपल्या हाताने मारायचा. घाटात त्याने बरेचदा हवा खाल्ली होती म्हणून मीटरिंग व्हॉल्व्ह काढून त्याची जाळी भिंगाखाली बघितली, चुरा नव्हता. नशीब म्हणायचं.

सगळं मिळून सात हजार आठशे झाले. आधीचे बाराशे मी त्यातून वजा केले, सर नको नको म्हणत होते.

हजार किलोमीटरला गाडी बोलावून फिल्टर खोलला, काळे तुकडे थोडे सापडले, टाकीच्या कोपऱ्यांत राहिलेले असणार, फिल्टर बदलला. पाच हजारला परत खोलला तेव्हा कपड्यावर नुसतं डिझेल. त्याआधी सरांच्या मुलाला साधा ब्लूटूथ स्कॅनर देऊन खंबाटकीचा लॉग मागवला होता, चार माणसं, एसी चालू, मागणी चौदाशे आणि प्रत्यक्ष तीस बारच्या आत. गेज आता माझ्या टेबलाच्या खणात नसतो, स्कॅनरच्या पेटीतच असतो.